भूक नसताना खावं लागतं तेव्हा

जास्त खाणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. खादाड, अधाशी, हावरट, आणि अगदीच हद्द झाली तर 'याला भस्म्या झालाय'. हे सगळे शब्द एकतर चेष्टेचे नाहीतर रागाचे. पण पोट भरलेलं असताना, भूक नसताना, थांबायची इच्छा असूनही जो माणूस खात राहतो आणि नंतर एकटाच रडत बसतो, त्याच्यासाठी आपल्याकडे शब्द नाही. वैद्यकशास्त्र त्याला 'बिंज इटिंग डिसऑर्डर' म्हणतं. हा मानसिक आजार आहे, त्याची ठरलेली लक्षणं आहेत आणि त्यावर उपचारही आहेत. आपल्या जिल्ह्यात मात्र त्याचं नावही कुणी घेत नाही. मग असा माणूस दवाखान्यात जातो तो वजनाची नाहीतर शुगरची तक्रार घेऊन, आणि परत येतो तो काय खायचं नाही याचा कागद घेऊन. माझं म्हणणं असं, की या आजारात तो कागदच पुष्कळदा दुखणं वाढवतो.

आधी, काय आजार नाही ते सांगायला हवं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आपल्याकडे पुरणपोळी, कढी, वडे, आंबील, सोळा भाज्या असं ताट वाढलं जातं, आणि वरून आग्रह. त्या दिवशी कुणी चार घास जास्त खाल्ले आणि दुपारी आडवा झाला, तर त्यात आजार काही नाही. पंगतीत जिलेबीची पैज लावणारे तर गावोगाव होऊन गेले. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हणही कुणाच्या आजाराबद्दल नाही. चार माणसांत बसून, चव घेत, हसत-बोलत जास्त खाणं वेगळं आणि हे वेगळं.

बिंज इटिंगमध्ये खाण्याचा झटका येतो. साधारण दोनेक तासांच्या आत माणूस इतकं खातो, की त्याच परिस्थितीत दुसरं कुणी तेवढं खाणार नाही. पण प्रमाणापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या वेळी हात थांबत नाही. काय खातोय, किती खातोय, यावर आपला ताबा नाही असं त्याला आतून जाणवत असतं. घाईघाईनं खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, कुणी पाहू नये म्हणून एकट्यानं खाणं, आणि नंतर स्वतःची किळस येणं किंवा अपराधी वाटणं, यांतल्या किमान तीन गोष्टी सोबत असतात. असं आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने होत असेल, त्याचा मनाला त्रास होत असेल आणि खाल्लेलं ओकून काढणं वगैरे प्रकार नियमित नसतील, तर डॉक्टर हे निदान करतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली. आल्बर्ट स्टंकार्ड नावाच्या डॉक्टरांनी लठ्ठ रुग्णांमधल्या अशा झटक्यांचं वर्णन त्याआधी १९५९ मध्येच करून ठेवलं होतं. म्हणजे वर्णन झालं आणि स्वतंत्र आजार म्हणून मान्यता मिळाली, यात चोपन्न वर्षं गेली! जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीतही आता तो आहे, आणि तिथे तर प्रमाण फार मोठं असलंच पाहिजे अशी अटही नाही. ताबा सुटणं हेच मुख्य लक्षण धरलं आहे.

आता भस्म्याबद्दल. आयुर्वेदात भस्मक किंवा अत्यग्नी म्हणून जे सांगितलं आहे, ते भुकेचं दुखणं आहे. जठराग्नी इतका भडकतो की खाल्लेलं पुरत नाही. आधुनिक वैद्यकातही खरोखरची भूक वाढवणारी कारणं आहेत. मधुमेह आटोक्यात नसणं, थायरॉईड जास्त काम करणं, स्टेरॉईडच्या गोळ्या आणि मानसिक आजारांवरची ओलॅन्झॅपिनसारखी काही औषधं, ही त्यांतली नेहमी भेटणारी. म्हणून कुणाला अचानक खा-खा सुटली असेल, त्यातही खाऊन वजन उतरत असेल, तर पहिल्यांदा रक्त तपासून घ्यावं. बिंज इटिंगचा रुग्ण मात्र विचारलं तर सांगतो, की भूक नव्हतीच. भांडण झालं होतं, झोप लागत नव्हती, दिवसभर काही खाल्लं नव्हतं, किंवा उगाच पोकळ वाटत होतं, आणि डबा उघडला गेला.

हे घरात कसं दिसतं? बहुतेक वेळा दिसतच नाही, हीच अडचण आहे. सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाणारी घरातली बाई दिवसभर 'मला नको, मी नंतर जेवते' म्हणते, आणि रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या शिळ्या पोळ्या, साखर, चिवडा, जे हाती लागेल ते खाते. सकाळी डबा रिकामा का, असं कुणी विचारलं तर मुलांचं नाव पुढे करते. दारव्ह्याहून किंवा घाटंजीहून परीक्षेच्या तयारीसाठी यवतमाळात खोली करून राहणारी पोरं-पोरी मेसचा डबा तसाच ठेवतात आणि रात्री एकदम फरसाणाचं पाकीट, बिस्किटांचे दोन पुडे, वर मॅगी संपवतात. वणीकडे कोळसा खाणीत पाळीनं काम करणाऱ्याची झोप आणि जेवण दोन्ही विस्कटलेलं असतं. पुरुषाचं असं खाणं तर लक्षातच येत नाही, कारण ढाब्यावर बसून भरपूर खाल्लं की 'गडी खाणारा आहे' असं कौतुकच होतं. हा फक्त बायकांचा आजार आहे ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत आयुष्यात कधीतरी हा आजार झालेल्या बायकांचं प्रमाण ३.५ टक्के, तर पुरुषांचं २ टक्के निघालं होतं. आणि प्रत्येक रुग्ण जाडच असतो असंही नाही. तराजूवर नीट बसणाऱ्या माणसालाही हा आजार असू शकतो.

अशा माणसाला सगळे एकच सल्ला देतात, तोंडावर ताबा ठेव. नवरा देतो, सासू देते, डॉक्टरही देतात. तो स्वतःलाही रोज तेच बजावतो. उद्यापासून गोड बंद, रात्रीचं जेवण बंद, सोमवारसोबत गुरुवारही धरायचा. दोन-चार दिवस निभतं. मग एखाद्या संध्याकाळी बांध फुटतो, आणि त्या लाजेपोटी पुन्हा आणखी कडक उपास. आजार या चक्रावरच जगतो.

उपाशी राहण्यानं माणसाच्या खाण्याचं काय होतं याचा एक जुना आणि प्रसिद्ध प्रयोग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात लढायला ज्यांनी तत्त्व म्हणून नकार दिला होता, असे हे स्वयंसेवक होते. युरोपात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालावं हे शिकायचं होतं. या तरुणांना दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी मिळत, म्हणजे त्यांच्या आधीच्या आहाराच्या निम्म्या. वजन सुमारे एक चतुर्थांश उतरलं. ते चिडचिडे झाले, खिन्न झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसले. पुढे भरपूर खायला मिळू लागल्यावर त्यांच्यातले काही जण पोट तुडुंब भरलं तरी थांबू शकत नव्हते, कित्येक आठवडे. प्रयोगाआधी यांच्यातला कुणी अधाशी नव्हता. मनानं तर ते घट्टच होते, लढाईला नकार देऊन समाजाचे बोल सोसलेले! त्यांच्यावर जर अर्धपोटी राहण्याचा हा परिणाम झाला, तर इतरांच्या इच्छाशक्तीला दोष देण्यात काय अर्थ? १,५७० हा आकडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. आज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या कित्येक डाएट चार्टमधला आकडा त्याहून कमी असतो.

उपासमार हे एकमेव कारण आहे असं मात्र नाही. घराण्यातून आलेला कल, लहानपणी अंगावरून झालेली हेटाळणी, नैराश्य, चिंता, दारू, कर्जाचा ताण, यांचाही वाटा असतो. 'काय ग, फारच सुटलीस' हे आपल्याकडे लग्नकार्यात भेटल्यावर पहिलं वाक्य म्हणून म्हटलं जातं, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनात ते वाक्य वर्षानुवर्षं राहतं. हा आजार बहुधा सुरू होतो तो याच वयापासून पंचविशीपर्यंत.

महाराष्ट्रात २०१८ च्या आसपास दोन वेळाच जेवायचं की दर दोन तासांनी खायचं यावर घराघरांत वाद झडले. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी आपल्या विदर्भाच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारातून घेतलेली, दिवसातून दोनदा आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत जेवण संपवण्याची पद्धत एका बाजूला, आणि ऋजुता दिवेकर यांचं थोड्या थोड्या वेळानं खाणं दुसऱ्या बाजूला. वजन आणि मधुमेहासाठी कोणतं बरं, त्या वादात मला पडायचं नाही. पण त्या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कुणी फारसा विचारला नाही, की समोरच्या माणसाला खाण्याचे झटके येतात का? येत असतील, तर बारा-चौदा तासांची उपाशी फट त्याच्यासाठी धोक्याची आहे. उपासाचंही तेच. श्रद्धेनं धरलेला उपास हा आजार नाही आणि तो कुणी सोडावा असं मी म्हणणार नाही. मात्र नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास आणि दसऱ्याच्या रात्री ताबा सुटणं असं दर वर्षी होत असेल, किंवा वजनासाठीचे उपास देवाच्या नावावर खपत असतील, तर ते स्वतःशी तरी कबूल करायला हवं.

'ही श्रीमंतांची थेरं, आमच्या शेतकऱ्याला कुठला आलाय असला आजार' असंही कुणी म्हणेल. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण दिसतं त्याच्या उलट आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात मोफत अन्न वाटणाऱ्या केंद्रांवर येणाऱ्या गरीब कुटुंबांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरात अन्नाची टंचाई जितकी तीव्र, तितके खाण्याचे झटके जास्त, असं त्यात आढळलं. पुढच्या आठवड्यात मिळेल की नाही याची खात्री नसली, की आज हाती आहे ते पोटात घालण्याकडे शरीर आणि मन दोन्ही ओढतात. कापूस-सोयाबीनचे पैसे आले की चार दिवस सढळ, आणि मग पेरणीपर्यंत हात आखडता, हे चक्र आपल्या जिल्ह्याला नवं नाही. त्या चक्राचा इथल्या माणसांच्या खाण्यावर काय परिणाम होतो, हे कुणीतरी पाहायला हवं.

यवतमाळ जिल्ह्यात मानसिक आरोग्यावर काम झालेलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्य सरकारनं २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आपला जिल्हा आहे. आशाताई घरोघर जाऊन नैराश्याची लक्षणं विचारतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' प्रकल्पात ३० गावांमध्ये गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी नैराश्यावर काम केलं, तर उपचारापर्यंत पोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गावात जाऊन, साध्या भाषेत, ओळखीच्या माणसानं विचारलं की लोक बोलतात, हे यातून कळलं. नैराश्य आणि खाण्याचे झटके पुष्कळदा एकाच घरात, एकाच माणसात सापडतात. मग आशाताईंच्या प्रश्नांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मधुमेह-रक्तदाबाच्या तपासणीत आणखी एक प्रश्न का घालू नये? 'कधी असं होतं का, की खायला लागलं की थांबताच येत नाही?' एवढाच. विचारायला अर्धा मिनिट लागतो. तो न विचारता शुगरच्या रुग्णाला 'भात बंद, गोड बंद' सांगितलं, तर रुग्ण मान डोलावतो, घरी जाऊन दोन दिवस पाळतो, तिसऱ्या रात्री झटका येतो, शुगर चढते, आणि पुढच्या वेळी डॉक्टर त्यालाच झापतात. काही रुग्ण मग दवाखान्यात यायचंच सोडून देतात.

डॉक्टरकडे कधी जावं? तीन महिने पूर्ण व्हायची वाट पाहायची गरज नाही. खाण्यावरचा ताबा पुन्हा पुन्हा सुटतोय, ते लपवावं लागतंय, लपवण्यासाठी खोटं बोलावं लागतंय, दिवसाचा बराच वेळ खाण्याच्या नाहीतर वजनाच्याच विचारात जातोय, एवढं पुरेसं आहे. खाल्ल्यावर बोटं घालून ओकारी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं असं सुरू असेल, तर तो बुलिमिया नावाचा वेगळा आजार असू शकतो आणि तो जास्त घातक आहे. रक्तातलं पोटॅशियम उतरून हृदयाचे ठोके बिघडतात. ओकारीत रक्त दिसलं, छातीत धडधड होऊ लागली, भोवळ आली, किंवा मधुमेही माणूस वजन उतरावं म्हणून इन्सुलिन टाळतोय असं कळलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. 'जगून काय उपयोग' असं तोंडातून निघालं तर तासाभराचाही उशीर करू नये.

जायचं कुठे? यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. पण उमरखेडहून यवतमाळ म्हणजे शंभरावर किलोमीटर, रोजी बुडते, आणि मानसोपचाराच्या रांगेत गावचं कुणी भेटलं तर काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच. त्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलात तरी चालेल, फक्त 'वजन वाढलंय' एवढ्यावर थांबू नका. 'डॉक्टरसाहेब, भूक नसताना खाल्लं जातं आणि थांबता येत नाही' हे वाक्य आठवणीनं म्हणा. तोंडानं म्हणवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.

उपचाराची सुरुवात ऐकून लोकांना नवल वाटतं, कारण पहिली गोष्ट असते वेळेवर खाणं. सकाळ, दुपार, रात्र असं पोटभर जेवण आणि मधे थोडं काही, तीन-चार तासांपेक्षा जास्त फट पडू द्यायची नाही. झटका येऊन गेला तरी पुढचं जेवण टाळायचं नाही. कोणताही पदार्थ कायमचा बंद करायचा नाही. सोबत एक वही ठेवायची, काय खाल्लं, कुठे, कुणासोबत, त्याआधी मनात काय चाललं होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत. आठ-पंधरा दिवसांत वहीतून दिसू लागतं, की झटके अमुक वेळी, अमुक भांडणानंतर, किंवा दुपारचं जेवण चुकलेल्या दिवशी येतात. मग समुपदेशकासोबत त्या त्या जागेवर काम करायचं. सीबीटी म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत या आजारावर सर्वांत जास्त तपासली गेलेली आहे, आणि ती पूर्ण करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांचे झटके थांबतात. इतर कित्येकांचे कमी होतात. यात वजन फारसं उतरत नाही, हेही आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर रुग्ण महिनाभरात तराजूकडे पाहून निराश होतो. औषधांचा उपयोग काहींना होतो, विशेषतः सोबत नैराश्य असेल तर, पण ती मानसोपचारतज्ज्ञांनीच द्यायची. २०२५ मध्ये वजनाची नवी इंजेक्शनं आपल्याकडे आली आणि त्यांची जाहिरात जोरात आहे. भूक ती कमी करतात हे खरं, पण हा आजार मुळात भुकेचा नाही, आणि त्यावर ही इंजेक्शनं कितपत चालतात याचा पुरावा अजून अपुरा आहे.

घरच्यांनी काय करावं, हे खरं तर सोपं आहे आणि म्हणूनच अवघड. डबे कुलपात ठेवू नयेत, घास मोजू नयेत, रिकाम्या पाकिटाचा पंचनामा करू नये. घरात जी बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, तिला सगळ्यांसोबत ताटावर बसवावं. पोळ्या गार झाल्या तर होऊ द्याव्यात. मुलांच्या अंगावरून, पाहुण्यांसमोर तर अजिबात, बोलू नये. आणि दवाखान्यात जायचं ठरलं, तर 'मी येतो सोबत, तिथे तूच बोल' एवढं म्हणावं.